सुलटी कोणत्या बाजूनं?

मोटर उघडायची म्हटली की गिऱ्हाईक दुकानातून हलत नाही. "चहा घेऊन या, बाजार करून या, संध्याकाळी या," असं मी किती वेळा म्हटलं असेल! "हौ हौ, जातो," म्हणतात आणि तिथंच घुटमळतात. शेवटी मी कामाच्या टेबलाजवळ एक लाकडी स्टूल कायमचं ठेवून दिलं. बसा बापहो, डोळे भरून पाहा. मध्य प्रदेशातल्या बालाघाटमध्ये मोटरी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार घालायचं काम मी पस्तीस वर्षं करतोय. इतक्या वर्षांत त्या स्टुलावर बसलेल्या प्रत्येकानं एकच गोष्ट पाहिली. माझे हात. मोटरीच्या पोटात तांबं असतं, आणि वाइंडिंगवाला तांबं काढून ॲल्युमिनियम भरतो, अशी सगळ्यांची पक्की समजूत.

राजेगावची एक पीठगिरणीवाली बाई वाटाण्याच्या शेंगा घेऊन यायची. "भरोसा हाय भाऊ तुमच्यावर, पन बसते मी," म्हणायची आणि माझ्या बोटांवरची नजर न काढता शेंगा सोलायची. भरवेलीच्या खाणीतला एक जण तर लोहचुंबक घेऊन आला. माझ्या तारेला लावलं, चिकटलं नाही, गडी खूश. "तांबंच हाय," म्हणाला. मी म्हटलं, "अरे बाबा, ॲल्युमिनियमलेही चुंबक नाही चिकटत. नखानं वरचा थर खरवड, आत लाल दिसलं तं तांबं." झालं! मी खरं सांगितलं म्हणून त्याचा संशय दुप्पट झाला. दुसऱ्या दिवशी तो आणखी एक सोबती घेऊन बसला.

लोक माझ्यावर संशय घेतात, याचा मला राग येतो असं समजू नका. मी त्यांच्या वरताण आहे. मोटर दुकानात आली की तिच्याआधी मी तिच्या मालकाकडे पाहतो. हा काय लपवतोय? कोणी आधी उघडली का? भरून दिलेल्या प्रत्येक मोटरीत मी कॉइलच्या बांधणीत एक हिरवा धागा फिरवतो आणि वरून वार्निश देतो. माझ्या कामात दुसऱ्यानं हात घातला तर धागा तुटतो. आजवर हे कोणालाच सांगितलं नव्हतं. आता लिहूनच टाकलं, करा काय करायचं ते.

माझं शिक्षण हिंदीत झालं. मराठी घरातली, आईची. बोलताना मले-तुलेच येते, लिहिताना जमेल तशी इस्त्री करतो. संपादकांनी "तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा" म्हटलं, तेव्हा शंभर आठवले. लिहायचा मात्र एकच होता आणि तोच मी टाळत होतो.

त्यासाठी आधी तुम्हाला मोटर उघडून दाखवावी लागेल. तीन फेजची मोटर दिसायला एक जड लोखंडी डबा. आत पातळ पत्र्याच्या चकत्या एकावर एक दाबून केलेलं नळकांडं असतं, तो स्टेटर. तो हलत नाही. त्याच्या आतल्या अंगाला खाचा असतात. खाचेत कागद घालायचा, कागदात तारेच्या कॉइल बसवायच्या, वरून बांबूची खपची ठोकायची, टोकं दोऱ्यानं बांधायची आणि वार्निश पाजून सुकवायचं. माझा धंदा एवढाच. त्या नळकांड्याच्या मधोमध फिरतो तो रोटर, आणि त्याला एकही तार जोडलेली नसते. स्टुलावरची माणसं हे ऐकून माझ्याकडे अशी पाहतात की आता पकडला! तार नाही तर फिरतो कसा?

सांगतो. तीन फेज म्हणजे तीन तारांमधली वीज, पण तिन्हींचा जोर एकाच क्षणी येत नाही. आधी एकीचा, मग दुसरीचा, मग तिसरीचा. कॉइल त्याच क्रमानं गोलाकार बसवलेल्या असतात, त्यामुळे त्यांचं चुंबकपण स्टेटरमध्ये गोल फिरतं. लोखंड जागेवर, फिरतं फक्त चुंबकपण. रोटरमध्ये ॲल्युमिनियमच्या कांड्या असतात, दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेल्या. चुंबकपण त्यांच्यावरून सरकलं की कांड्यांमध्ये आपोआप वीज उठते, आणि रोटर त्या चुंबकाच्या मागे ओढला जातो. तो त्याला कधीच गाठत नाही. चुंबकपण मिनिटाला दीड हजार फेरे घेत असेल तर रोटर चौदाशे चाळीसच्या आसपास राहतो. गाठलं तर कांड्यांवरून सरकणं थांबेल, वीज उठणार नाही, ओढ संपेल. मागं राहतो म्हणूनच चालतो बिचारा.

आणि या तीन तारांपैकी कोणत्याही दोन आपसांत बदलल्या, तर क्रम उलटतो आणि मोटर उलटी फिरते. माझ्या दुकानातल्या तीन तारा आणि तुमच्या गावातल्या तीन तारा एकाच क्रमानं येतील याचा भरोसा नाही. म्हणून मोटर कुठल्या अंगानं फिरते ते जागेवर बसवल्यावरच ठरवायचं. हे वाक्य लक्षात ठेवा.

जळालेली मोटर पाहून ती कशानं गेली हे मला सांगता येतं, आणि याचा मला भारी गर्व. गिऱ्हाईक म्हणतो, "काही केलं नाही जी, आपोआप जळाली." मी झाकण काढतो. सगळ्या कॉइल सारख्या काळ्या असतील तर ओझं जास्त पडलं. थोड्या काळ्या, थोड्या अजून सोन्यासारख्या पिवळ्या, असं आळीपाळीनं असेल तर एक फेज गेलेली असताना गड्यानं मोटर चालवली. "फ्यूज उडाली होती ना? अन् तरी बटन दाबलं ना?" असं म्हटलं की समोरचा जमिनीकडे पाहतो. लोक मला वाइंडर कमी आणि ठाणेदार जास्त समजायचे. मला ते आवडायचं.

परसवाड्याच्या बाजूला एक गाव आहे, नाव सांगत नाही. माझी मोठी बहीण शेवंताबाई तिथं दिलेली. खालचं गाव शेतकऱ्यांचं, वर उतारावर आमच्या लोकांची बौद्ध टोली, म्हणजे वस्ती. नाल्याकाठच्या विहिरीवर पंचायतीचा पंप. टाकीला भेग पडल्यापासून तो सरळ पाइपलाइनीत पाणी ढकलायचा. खालच्या गावाला पाणी मिळायचं आणि वर टोलीलाही चढायचं. पंप चालवायला हिरालाल नावाचा माणूस होता. खालच्या गावचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. पाइपलाइन जिथं दोन वाटांनी फुटते तिथल्या वॉल्व्हची चावीही त्याच्याकडेच.

काही वर्षांपूर्वीचे उन्हाळी धानाचे दिवस. पंपाची मोटर जळाली आणि माझ्याकडे आली. मी भरली, हिरवा धागा फिरवला, पाठवून दिली. एरवी अशी मोटर बसवायला मी स्वतः जातो. त्या आठवड्यात दुकानात सात मोटरी रांगेत होत्या, म्हणून नाही गेलो. हिरालालनं गावातल्या इलेक्ट्रिशियनकडून जोडून घेतली आणि मला फोन केला.

"मिस्त्री, मोटर चालू केली जी. कोन्या अंगानं फिराले पाह्यजे?"

"सुलटी. घड्याळाच्या काट्यावानी."

"थांबा, बंद करून पाह्यतो." थोड्या वेळानं म्हणाला, "हौ, सुलटीच फिरून राह्यली."

मी फोन ठेवला आणि रांगेतल्या पुढच्या मोटरीला हात घातला.

चार दिवसांनी शेवंताबाईचा फोन. "काहून रे, तुह्या मोटरीचं पानी वर चढून नाही राह्यलं. खाली सुरू हाय. सकाळ-संध्याकाळ आमच्या नळाले निस्ती हवा. बाया दोन-दोन फेऱ्या नाल्यावर जाऊन राह्यल्या."

'तुह्या मोटरीचं' हे शब्द मला झोंबले. तार बारीक भरली असं हिला म्हणायचंय का? दुसऱ्याच सकाळी मी मीटर घेऊन गेलो. पंपघर म्हणजे एक कोंदट खोली. दारातून शिरलं की आधी पंप, त्याच्या मागे मोटर, आणि मोटरीचं पंख्याचं टोक मागच्या भिंतीला जवळजवळ टेकलेलं. स्टार्टर दाराशी. मी तिन्ही तारांवर मीटर लावला. विजेचा ओघ तिन्हींवर सारखा. दाब बरोबर. मोटरीला हात लावला, बेताची गरम. बंद करून पंपाकडचं झाकण उघडलं, हिरवा धागा जागच्या जागी. मोटर माझी होती, शंभर टक्के माझी.

मग मी भिंतीकडे पाहिलं. खडूनं वेळा लिहिल्या होत्या. सकाळचे दोन तास, संध्याकाळचा एक, आणि त्याखाली रोज दुपारची एक जास्तीची रेघ. मी हिरालालला विचारलं, "दुपारी कोनासाठी चालवता?" तो म्हणाला, "चालवतो जी थोडा वेळ." बस. बाहेर टोलीतली माणसं उभी होती. त्यातल्या एकानं मला हळूच सांगितलं, "त्याचं शेत इथंच लागून हाय, मिस्त्री."

माझ्या डोक्यात सगळं जुळलं. आता तुम्हाला मोकळं सांगतो. आमच्या लहानपणी माझी आई विहिरीच्या काठापासून दूर घागर घेऊन उभी राहायची. कोणी वरून ओतलं तर पाणी, नाही तर तशीच परत. शेवंताबाई तेव्हा तिचा पदर धरून असायची. हे मी विसरलो नाही आणि विसरणारही नाही. खालच्या गावच्या माणसाच्या हातात चावी आणि वरची टोली कोरडी, एवढं कळल्यावर मला आणखी काय तपासायचं होतं?

त्याच दिवशी पंचायतीच्या ओसरीवर माणसं जमली. सरपंचांनी मला विचारलं, "मिस्त्री, तुम्ही जानकार मानूस. मोटरीत काही फॉल्ट हाय का?" मी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि ठाणेदाराच्या आवाजात म्हणालो, "मोटरीत फॉल्ट नाही. ज्याच्या हातात चावी हाय, त्या हातात फॉल्ट हाय."

हिरालाल खांबाला टेकून उभा होता. तो एवढंच म्हणाला, "मी चावी पुरी खोलतो, मिस्त्री."

त्याचं कोणी ऐकलं नाही. आठवड्याच्या आत त्याला काढलं आणि दुसरा माणूस ठेवला. टोलीत मला मान मिळाला. शेवंताबाईनं फोनवर सांगितलं, "सारे म्हनून राह्यले, तुह्या भावानं तोंडावर सांगितलं." आणि माझी छाती फुगली. खोटं काहून बोलू?

पंधरा दिवसांनी तिचाच फोन. "त्याले काढलं, पन पानी नाही आलं रे. पह्यले तं दुपारी जरासं तरी टपकत होतं, आता तेही नाही."

आता मला नव्या माणसाचा संशय आला! मग वाटलं, खाली कोणीतरी पाइपाला चोरून तोटी लावली असेल. चला, यालाही पकडू. मी परत गेलो. पंप चालू होता. मागच्या बेअरिंगचा आवाज ऐकावा म्हणून मी पोट आत घेऊन भिंत आणि मोटर यांच्यामधल्या फटीत शिरलो आणि पंख्याच्या जाळीशी कान नेला. तेवढ्यात लाइन गेली, वीज बंद.

मोटर चालू असताना तिची दिशा डोळ्याला दिसत नाही. एवढ्या वेगात सगळं नुसतं धूसर दिसतं. दिसते ती थांबताना. माझ्या नाकासमोर पंखा हळू हळू झाला, पाती सुटी सुटी दिसायला लागली. आणि तो काट्याच्या उलट फिरत होता.

मी तिथंच अडकून उभा राहिलो. मग बाहेर आलो, पंपाजवळ बसलो, खिशातून चाकू काढला. पंपाच्या अंगावर दिशेचा बाण ओतीव असतो. इथं दरवर्षी हिरवा रंग फासून फासून तो बुजला होता. खरवडला. बाण निघाला. लाइन परत आल्यावर मोटर एकदा चालू केली, बंद केली आणि दारातून पाहिलं. बाण एकीकडे, मोटर-पंप जोडणारं चाक दुसरीकडे.

आता ऐका काय झालं होतं ते. दुकानात मोटर टेबलावर असते तेव्हा तिचं पंख्याचं टोक माझ्याकडे असतं. माझी 'सुलटी' म्हणजे पंख्याकडून पाहिलेली. हिरालालच्या पंपघरात पंख्याकडे माणूस सहजी मावत नाही. त्यानं दारातून, पंपाच्या बाजूनं पाहिलं. चाक घड्याळासारखंच फिरताना दिसलं. 'सुलटी' म्हणाला. काचेवर घड्याळ काढा आणि पलीकडून पाहा, काटे उलटे जातात. उलटा पंप अजिबात पाणी देत नाही असं पुष्कळांना वाटतं. देतो. त्याच तोंडातून देतो, पण जोर मरतो. खालच्या गावापुरता पुरतो, चढावर चढत नाही. हे सगळं मला माहीत होतं. दुसऱ्या कोणाचा पंप असता तर आधी दिशाच पाहिली असती. माझा धागा पाहिला आणि थांबलो.

स्टार्टरवरच्या दोन तारा मी आपसांत बदलल्या. पाच मिनिटंही लागली नाहीत. बटन दाबलं, पाइप थरथरला. थोड्या वेळानं शेवंताबाईचा फोन आला, मागे बायांचा गलका, घागरी-बादल्यांचा आवाज. "आलं रे! धो-धो आलं! कोनाले पकडलं?"

मी म्हटलं, "मले."

तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

तिथून मी सरळ हिरालालच्या घरी गेलो. तो अंगणात दोर वळत होता. मला पाहून उठला नाही, पण खाटेकडे हात केला. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, पंखा, बाण, दार. त्यानं दोर बाजूला ठेवून नीट ऐकून घेतलं.

"म्हनजे मी दारातून पाह्यलं, अन् तुम्ही दुकानातून," तो म्हणाला.

"हौ."

"मंग दोघंही खरंच बोललो."

मी विचारलं, "अन् दुपारी कोनासाठी चालवत होते?"

"टोलीसाठीच. दुपारी खालचे नळ बंद राह्यते. तेवढ्या वेळात वर थोडंसं चढे. म्हटलं, बायाईले घोटभर तरी मिळन."

"मंग त्या दिवशी काहून नाही सांगितलं, हिरालालभाऊ?"

त्यानं दोर परत हातात घेतला. "सांगितलं असतं तं तुम्ही मानलं असतं का?"

नसतंच मानलं. त्याच्या शेताचं नाव काढून ते वाक्यही त्याच्या तोंडावर मारलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच ओसरीवर, त्याच माणसांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "फॉल्ट माझा होता. हिरालालभाऊनं चावी कधीच आवळून ठेवली नाही. उलट टोलीसाठी दुपारचा पंप त्यानंच चालवला." टोलीतली माणसं खाली पाहायला लागली. शेवंताबाई मागे बायांमध्ये बसली होती, ती उठून माझ्याजवळ येऊन उभी राहिली. सरपंच म्हणाले, "जाऊ द्या मिस्त्री, होते असं. पानी आलं ना?" त्यांनी हिरालालला परत बोलावणं पाठवलं. तो आला नाही. "आता कोनी तरी चालवूनच राह्यला ना," असा निरोप आला. शेवंताबाई टोलीतल्या दोघी जणींना घेऊन त्याच्या घरी गेली. त्यानं त्यांना चहा दिला, बोलला चांगलं, पण चावी नाही घेतली.

मला याची लाज वाटते. गोल गोल कशाला लिहू? आईच्या घागरीची आठवण खरी होती, आणि मी ती चुकीच्या माणसाच्या डोक्यावर फोडली. दोन तारा बदलून मोटर सुलटी झाली. त्या ओसरीवर मी जे बोललो होतो त्याच्या तारा मला सापडल्या नाहीत.

त्यानंतर माझ्या दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक मोटरीवर मी लाल रंगानं बाण काढतो आणि शेजारी लिहितो: 'पंख्याकडून पाहा'. गिऱ्हाइकं हसतात.

गेल्या पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. दुकानासमोर ऑटो थांबला आणि हिरालाल उतरला. केस पांढरे झालेले. त्याच्या शेतातल्या विहिरीवरची मोटर जळाली होती. बालाघाटात मोटर भरणारे पुष्कळ आहेत, तो माझ्याकडे आला. मी हात पुसले आणि घाईघाईनं स्टूल पुढे केलं.

"बसा ना, हिरालालभाऊ. उघडतोच आता."

"बसाचं काहून?" तो म्हणाला. "मले बजारात काम हाय. तुम्ही करा बरोबर, मी संध्याकाळी येतो."

पायरीवरून उतरला आणि परत वळला. "फक्त तो बान काहाडजा जी. अन् कोन्या बाजूनं पाहाचं ते मोठ्या अक्षरात लिवजा. फोनवर नोका सांगू."

"हौ," मी म्हटलं.

तो गेला. मी बोल्ट सैल केले, झाकण काढलं, एकेक कॉइल बाहेर ओढायला लागलो. स्टूल रिकामं होतं. काम चालू असताना मी दोनदा मागे वळून पाहिलं.